मोठ्याने घाबरणारी आत्या

आत्या घाबरली की मोठ्याने सांगायची. आम्ही बाकीच्या मुली भीती गिळून चेहरा कोरा ठेवायचो, ती मात्र महाडच्या भर एस.टी. स्टँडवर उभी राहून म्हणायची, "मला भीती वाटते गो." आणि आम्ही तिच्याकडे वळून पाहिले की लगेच पुढे, "मी घाबरलेली हाय ना, मग तुमी नका घाबरू. एकीनं घाबरलं की बास." त्या वयात हे विनोदी वाटे. हसता हसता आमचीही भीती विरघळत असे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

ती कुणाचीच आत्या नव्हती. बारावीनंतर दोन वर्षे कापडे या आपल्या गावी भातशेतीत काढून ती महाडच्या कॉलेजात आमच्या वर्गात आली, म्हणून वयाने थोरली, आणि थोरली म्हणून आत्या. तिच्या ओढणीला पेंढ्याचा आणि चुलीच्या धुराचा वास असे. मी पोलादपूरच्या मास्तरांची मुलगी, माझ्या ओढणीला साबणाचा. गाडीत आम्ही शेजारी बसायचो आणि उतरताना दोघींना एकच वास येत असे. तिला वडील नव्हते. मुंबईत नोकरी करणारा थोरला भाऊ घराचे निर्णय फोनवरून घ्यायचा. बी.एस्सी. करायला त्याने होकार दिला तो एका अटीवर: दिवेलागणीच्या आत घरात.

ती अट संध्याकाळच्या गाडीच्या भरवशावर होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एका दिवाळीनंतर ती गाडी बंद झाली. प्रवासी नाहीत, असे कारण सांगितले गेले. उरली दुपारची गाडी. पण प्रॅक्टिकल संपायला पाच वाजत. पौषापर्यंत आतल्या गावांच्या तिघी कॉलेजात यायच्या थांबल्या. आत्या कधी कुणाच्या जीपने, कधी दुधाच्या गाडीने घर गाठत होती. रोज पाचच्या सुमारास ती परीक्षानळी धुता धुता खिडकीतले ऊन पाहू लागे.

गाडीसाठी अर्ज देऊन काही झाले नाही, तेव्हा मुलांनी स्टँडवर बसायचे ठरवले. आत्याही बसली, अगदी दुपारच्या गाडीसमोर. इंजिनाची ऊब आमच्या पाठीवर, डिझेलचा वास घशात, आणि तिचा हात माझ्या हातात विहिरीतल्या दगडासारखा गार. घोषणा देणारा एक मुलगा तिला डिवचत म्हणाला, "आत्या, आता भाषण होऊन जाऊ दे."

"तूच कर रे," ती म्हणाली. "माझं तोंड सुकलंय."

हसू पुरते संपलेही नव्हते, तोच गर्दीच्या मागून दगड आला. कुणाचा ते कधीच कळले नाही. गाडीची काच फुटल्याचा आवाज आधी आला, आणि मग काचेचे कण माझ्या केसांत गारांसारखे उतरले. पळापळ झाली, शिट्ट्या वाजल्या, काठ्या उगारल्या गेल्या. चालकांनी एकामागून एक गाड्या आत नेऊन उभ्या केल्या. जमावबंदी लागू झाल्याचे पोलिसांची कर्णा लावलेली जीप सांगत फिरू लागली: पाच किंवा अधिक जणांनी एकत्र दिसू नये. दुकानांची फळकुटे धडाधड लागली. तेव्हा कुठे आम्हाला उमगले. संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही दुपारची गाडी अडवली होती, आणि आपण घरी कसे जायचे हा विचार एकीलाही शिवला नव्हता.

पोलादपूरकडच्या आम्ही बाराजणी एका बंद दुकानाच्या आडोशाला उभ्या होतो. एक रडत होती. आत्याने आधी नेहमीप्रमाणे आपली भीती जाहीर केली आणि मग आमच्या चौघी-चौघी केल्या. एका चौकडीने दुसरीपासून हाकेच्या अंतरावर चालायचे, मागे वळून पाहायचे नाही, हमरस्त्याला लागले की मालाचे ट्रक भेटतील. तिच्या चौकडीत एक अगदी लहानखुरी मुलगी होती. तिला तिने उरलेल्या दोघींसोबत पुढे पिटाळले आणि स्वतः त्या तिघी आणि मागच्या आम्हा चौघी यांच्या मधल्या मोकळ्या रस्त्यावर एकटी चालू लागली, दोन्हीकडे लक्ष राहावे म्हणून.

ऊन पिवळे पडत चालले होते. सावित्रीवरून येणारा वारा अंगाला झोंबत होता, आणि मला माझ्याच चपलांचा आवाज परका वाटत होता. मागून तीच जीप आली. आम्हा चौघींना ओलांडून ती आत्यापाशी थांबली. एकटी मुलगी नजरेत भरते. पुढच्या मुली कुणी आणल्या, असे तिला विचारले गेले. ती मान खाली घालून म्हणाली, "मी." मग तिने नाव सांगितले, गाव सांगितले. शब्द काय होते ते तिने नंतर सांगितले. तेव्हा मला दिसत होती फक्त तिची वेणी, वारा पडला तरी हलणारी.

जीप गेली. महाबळेश्वरकडे परतणारा, स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या खोक्यांचा टेम्पो तिने हात करून थांबवला. आंबूस गोड वासात आम्ही दाटीवाटीने बसलो. आजही तो वास आला की माझे तळवे ओले होतात. मी पोलादपूरला उतरले. ती कापड्याच्या फाट्याला पोचली तेव्हा घरोघरी दिवे लागलेले होते.

चौथ्या दिवशी मुंबईहून भाऊ आला. तो ओरडला नाही. माझे वडील त्याला समजवायला गेले, तर त्यांच्या पाया पडून हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, पोलिसांत नाव गेलं हिचं. उद्या हिला कोण करून घेल?" त्याच्या कपाळावर थंडीत घाम होता. वडील माघारी आले.

पोलादपूरच्या स्टँडवर भावाबरोबर मुंबईच्या गाडीत चढताना तिने मला बजावले की धाकट्या मुलींना मागच्या सीटवर बसवू नको, त्यांना गाडी लागते. एवढेच. काचेवर तिच्या श्वासाचे धुके धरले आणि त्यामागची ती पुसट झाली. पुढे लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली, असे ऐकले.

शिमग्याच्या आधी संध्याकाळची गाडी पुन्हा सुरू झाली.

जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत मला तो भाऊ दिसला. सोबत धाकटी बहीण होती, अकरावीसाठी आणलेली. डोळे हुबेहूब आत्याचे. त्याने मला ओळखले. थोडा घुटमळला, मग जवळ येऊन विचारले, "ताई, संध्याकाळची गाडी टायमावर येते ना?"

"येते," मी म्हणाले.

"मग काय हरकत नाय," तो म्हणाला, आणि समाधानाने रांगेत पुढे सरकला.