चंपीले कोंबड्याचा रंग चढला

आज सकाळी आमची चंपी वारली. कोंबडी म्हनून आली होती, कोंबडा होऊन गेली.

हसू नका बे.
म्हंजे हसा. तिच्यापुढं कोनी रडलेलं तिले चालतच नोतं. लगेच चोच मारे.

ज्याईले माहीत नाई त्याईच्यासाठी सांगतो. आमी मूर्तिजापूरजवळचे. भाजीपाल्याचं वावर हाय, माय बाजारात बसते, मी अॅपे चालवतो. चंपी मायची लाडकी कोंबडी. रंगानं अशी भुरी का मातीत बसली तं दिसे नाई.

दोन वर्सांमागं तिनं अंडे देनं बंद केलं.

मंग तिच्या मानेवर लाल-सोनेरी पिसं आले. शेपटी काळी-हिरवी, कमानीवानी वाकलेली. चमक कशी, तं पान्यावर ऑइल सांडल्यावानी.

मायनं पाह्यलं आन् सरळ माह्या पाठीत धपाटा घातला.

"रंगवली ना बे कोंबडी?"

"मी नाई वं माय! आईची शपथ!"

"आई मीच हाय लेका. माही शपथ मलेच घालतो काय?"

तिची चूक नाई. त्याच्या आधीच्या पोळ्याले बैलाचा उरलेला रंग मी शेजारच्या पांढऱ्या बकरीले मारला होता. पट्टे पट्टे. झेब्रा म्हनून स्टेटसले बी ठेवली होती. आपलं रेकॉर्डच खराब.

मायनं बादली घेतली, शाम्पूची पुडी फोडली आन् चंपीले घासाले बसली. चंपी बोंबलून रायली, माय घासून रायली, मी दुरून शपथा खाऊन रायलो.

पानी स्वच्छ निंगालं. रंग जागच्या जागी.

चंपीनं पंख झटकले, भिंतीवर चढली आन् बांग देल्ली!

जरा घोगरी होती. सभा करून घसा बसलेल्या पुढाऱ्यावानी. पन बांगच.

अख्खी गल्ली जमा.

आमचा काका बाजूलेच रायते. तो म्हने, "वैनी, कोंबडीनं बांग देनं चांगलं नसते. घरावर काईतरी येते. तशी बी अंडं देत नाई. रविवारी कापून टाकू. मसाला मी आनतो."

काकाले अपशकुनाचं भेव जास्त होतं का रश्श्याची घाई, देव जाने.

शेजारच्या बाया तोंडाले पदर लावून पाहून रायल्या होत्या, मायच्या बी मनात पाल चुकचुकली होती. मले समजलं, चंपी गेली आता.

मी म्हनलं, "काका, काप ना. पन आधी डॉक्टरले दाखवू. बिमारी असली तं रस्सा खाऊन सगळेच आडवे व्हाल."

काका जरा थांबला. जिवाले कोन भेत नाई?

दुसऱ्या दिवशी वांग्याच्या क्रेटात चंपी, बाजूले माय, आन् अॅपे सरळ अकोल्याले, जनावराच्या दवाखान्यात.

डॉक्टर मॅडमनं चंपीले उलटीसुलटी पाह्यलं आन् लय खुश झाल्या. आधी फोटो काढले, मंग बोलल्या.

"मावशी, ही लागणारी बिमारी नाही. पिल्लं लहान असतात तेव्हा नर-मादी सारखीच दिसतात ना? मोठं होताना मादीच्या अंगातलं हार्मोन तिची पिसं भुरकट ठेवतं. हिचं अंडाशय बंद पडलं, हार्मोन संपलं. मग नवीन पिसं आली ती कोंबड्यासारखी."

मी म्हनलं, "म्हंजे मॅडम, कोंबड्याचा रंग म्हंजे डिफॉल्ट सेटिंग? त्याची स्वतःची काईच मेहनत नाई?"

"असंच समज."

त्या दिवसापासून कोंबड्याच्या मिजाशीले मी भाव देत नाई.

वापस येताना माय पदरानं वारा घेत बसली.

घरी काका वाटच पाहून रायला होता.

"काय म्हने डॉक्टर? खाता येते ना?"

"भाऊजी, तिचं आतलं बंद झालं. म्हनून रंग बदलला."

"मंग आता काय कामाची ते?"

मायनं क्रेट खाली ठेवलं.

"माहं बी औंदा बंद झालं. मले बी कापता का रविवारी?"

काका चपला पाहून रायला. मी आभाळ.

मंग काकू, म्हंजे त्याचीच बायको, मागून म्हने, "बाई, माह्या तं ओठावर लव बी येऊन रायली. उद्यापासून मी बी बांग देऊ काय?"

आन् दोघी जावा अशा हसल्या, अशा हसल्या, का माय खालीच बसली.

रविवारी काकाले पिठलं-भाकर भेटली.

चंपी मंग राजावानी जगली. बाकीच्या कोंबड्या तिच्या मागं, आन् शेजारचा खरा कोंबडा तिले पाहून गल्ली बदले.

मले तवापासून नादच लागला. वावरात रोही येतात, म्हंजे नीलगाय. नर निळा-काळा, मादी भुरी. पन तोच नर लहानपनी मादीवानी भुराच असते, रंग नंतर चढते. तीन रंगाची मांजर दिसली का मी दोस्ताईसोबत चहाची शर्यत लावतो, मादीच हाय म्हनून. हजारात एखादा बोका निंगते म्हने, पन अजून तरी हारलो नाई. चंपीची कृपा.

आज सकाळी माय दाने टाकाले गेली तं चंपी खुराड्याच्या दारात पडून होती. म्हातारी झाली होती.

काका आला. मले वाटलं काईतरी बोलन. तो गेला आन् कुदळ घेऊन आला. पपईजवळ खड्डा त्यानंच खनला.

मायनं वरून मूठभर जवारी टाकली.

"अंडं नाई देल्लं तरी हक्कानं घरात म्हातारी झाली," माय म्हने. "अजून काय पायजे?"

जाय चंपे, निवांत जाय.
आमच्या घरच्या सगळ्याईचा तुले मनापासून रामराम.