फत्तेसिंगनं घातलेलं कडं

जाळ्यात अडकलेली भोरडी मैना सोडवायची तर ती ज्या बाजूनं शिरली त्याच बाजूनं, आणि आधी पाय मोकळे करायचे. हे फत्तेसिंगला कुणी शिकवलं नव्हतं. धडगावकडच्या डोंगरात बापाबरोबर फासे लावून त्यानं लहानपणी पाखरं धरली होती, भाजून खाल्लीही होती. पुढे पाखरांचा अभ्यास करणारे धीरजसर त्याला रनाळ्याच्या तळ्यावर घेऊन आले आणि सलग अकरा फाल्गुन तो तिथल्या जाळ्यांचा धनी झाला. थंडीला परमुलखातून येऊन परतीला निघालेल्या भोरड्या धरायच्या, कुठून कुठं जातात ते कळावं म्हणून पायात नंबराचं कडं घालायचं, सोडून द्यायच्या. कॉलेजच्या मुलांच्या हातात पाखरू फडफडून अर्धं व्हायचं, फत्तेसिंगच्या मुठीत आलं की गप्प. काय तो हात! रंगमंचावर असता तर प्रवेशालाच टाळी पडली असती.

कडं मात्र सरच घालायचे. सरकारी परवाना त्यांच्या नावावर, कडं दाबायची पक्कड त्यांच्या खिशात. एकदा तरी मला घालू द्या, असं फत्तेसिंग दर वर्षी म्हणायचा आणि सर हसून पुढच्या वर्षावर टाकायचे.

आसपासच्या गावांत सरांनी सांगून ठेवलं होतं, की मेलेल्या पाखराचं कडं सापडलं तर आणून द्या, कुठून आणलं ते विचारणार नाही.

गेल्या होळीला फत्तेसिंग घरी गेला. मेहुणा चैत्या याची रांगती पोर, तिच्या मनगटावर काळा दोरा आणि दोऱ्यात चकचकीत कडं. चैत्याच्या फाशात आलेल्या भोरडीचं. त्यावरची अक्षरं परकी होती. फत्तेसिंगनं दोरा सोडताच पोरीनं आकांत मांडला. पोरीच्या हातातलं काढून सायबाला कशाला, म्हणून बायको रमिलाबाई चिडली. तरी तो दोन एसट्या बदलून, सोयरीक जमल्याची बातमी नेणाऱ्याच्या तोऱ्यात तळ्यावर पोचला.

सरांनी कडं उजेडात धरलं. शेजारी पुण्याचे पाहुणे होते.

"कुठं मिळालं?"

"तुम्ही विचारणार नव्हते ना, सर."

"घरी फासे लावतोस तू?"

चैत्याचं नाव घेतलं तर वनखातं त्याच्या दारात. फत्तेसिंगनं ते घेतलं नाही. सर वाईट नव्हते, पाहुण्यांपुढे बावरले. पण त्याच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

कडं कझाकस्तानातलं निघालं. पेपरात सरांचा फोटो आला. शहाद्याच्या स्टँडवर फत्तेसिंगनं तो भज्यांच्या तेलकट कागदावर पाहिला.

यंदा पळस फुलला तसा चैत्या आणखी एक कडं घेऊन आला.

"द्या सायबाला, दाजी. अजून एक फोटो येईल त्यांचा."

फत्तेसिंगनं नंबरावरून बोट फिरवलं. चैत्याच्या पोरीला मांडीवर घेतलं, तिची मूठ हलकेच उघडली, कडं मनगटाच्या काळ्या दोऱ्यात ओवलं आणि दातानंही सुटणार नाही अशी गाठ मारली. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं घातलेलं कडं हे एवढंच.

पोर ते चोखत बसली.