सतराव्या अध्यायावर अडलेली पोथी

लग्न होऊन मी केशोरीला आले तेव्हा माझ्याबरोबर एक लोखंडी पेटी होती. गोंदियाची मुलगी म्हटल्यावर पेटीत भांडी नाहीतर साड्या असतील असं सासरच्या बायकांना वाटलं. उघडली तर आत पुस्तकं, आणि तीही सगळी एकाच जातीची. तुरुंगातून पळालेल्यांची, समुद्रात भरकटलेल्यांची, बर्फात अडकून जिवंत परतलेल्यांची. सासऱ्यांनी चारपाच उलटून पाहिली आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे तं सगळेच पळून जाऊन राहिले. सून कायचा बेत करून आली म्हनायची?"

तो विनोद बावीस वर्षं चालला. गावातल्याच शाळेत मी शिकवते. संध्याकाळी घरी आले की ओसरीवरून आवाज यायचा, "आली का? मले वाटलं, गेली पळून." मीही सांगायची, "उद्या जाते मामाजी, आज वांगी आणली आहेत." आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

मला कधी कुणी कोंडून ठेवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. गोंदियात भातगिरणीच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर होतं, त्यात सात माणसं. मारामारी व्हायची ती फक्त पंख्याखालच्या जागेसाठी. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून मी किलोच्या भावानं पुस्तकं आणायची. गल्लीतल्या एक काकी विचारायच्या, "इतना डरावना काहे को पढ़ती है बिटिया?" उत्तर मला तेव्हा देता येत नसे. आता वाटतं, पुस्तकातला माणूस शेवटची भाकरी चार दिवस पुरवतो आहे आणि आपण मांडीवर मुरमुऱ्यांचं ताट घेऊन ते वाचतो आहोत, यात मोठं सुख आहे. थोडं लाजिरवाणं आहे, पण सुख आहे.

मामाजींना ही पुस्तकं लागली ती दुपारी वेळ जाईना म्हणून. सातवीपर्यंत शिकलेले, जन्मभर धान पिकवलेले. गावचा तलाव आमच्या घराण्यानं बांधला, हे ते पाहुण्याच्या हाती पाण्याचा लोटा देण्याआधी सांगतात. त्यामुळे कुठलंही पुस्तक ते पाण्यावरून पारखायचे. तराफ्यावर चाळीस दिवस काढलेल्या एका खलाशाचं पुस्तक त्यांनी अर्ध्यातच परत केलं. "रोज चार घोट पेते म्हनते, अन् पिपा एवढासा. तेराव्या दिवशी खतम. पुढचं पानी काय लिहिनाऱ्याच्या घरून आलं?" वाळवंटातलं एक पुस्तक मात्र त्यांनी दोनदा वाचलं. त्यातल्या माणसानं नुसत्या रंगावरून ओलसर जागा ओळखून खणलं होतं. "हा आपला मानूस," असा शेरा मिळाला. वाचता वाचता ते खुणेला पानात तणसाची, धानाच्या पेंढ्याची, काडी ठेवत, आणि माझ्या सगळ्या पुस्तकांतून त्या काड्यांचा कचरा घरभर सांडायचा. त्यावरून मी पुष्कळ बोलले आहे.

गेल्या वर्षी आषाढात, धानाचं रोवणं आटोपल्यावर, तलाव किती भरला ते पाहायला ते पाळीवर, तलावाच्या बांधावर, गेले आणि शेवाळावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. चष्मा पाण्यात गेला. गोंदियाला ऑपरेशन झालं, ते छानही झालं. डॉक्टरांनी सांगितलं की वॉकर घेऊन रोज थोडं थोडं चालवा, दिवाळीच्या आत पायावर उभे राहिले नाहीत तर मग खाटच धरतील.

गाडीतून परत आणताना कोहमाऱ्याला थांबलो. तिथल्या ढाब्यावर आलूबोंडा खाल्ल्याशिवाय मामाजी आजवर कधी पुढे गेले नव्हते. त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं बोंडा आणून हातात दिला, तर तो त्यांनी तसाच कागदात गुंडाळून ठेवला. मला धस्स झालं ते तिथे, दवाखान्यात नाही.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वॉकर कोपऱ्यात उभा राहिला आणि हळूहळू त्यावर टॉवेल वाळू लागले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोराला ते म्हणायचे, "माझं झालं गा. तू घरी जा." मला राग आला. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुनाच दोष आहे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. हा माणूसही गेला तर संध्याकाळी "गेली पळून" असं म्हणणारं घरात कुणी उरणार नव्हतं, आणि ते मला सहन होणार नव्हतं.

नवा चष्मा करून आणला. "नंबर बरोबर नाई, अक्षरं हालून राहिली," म्हणून त्यांनी तो डबीत घालून उशाशी ठेवला. मग मीच वाचून दाखवायचं ठरवलं. पेटीच्या तळाचं एक पुस्तक काढलं. त्याचं मुखपृष्ठ मी घेतलं तेव्हाच गेलेलं होतं. एका नावाड्याला राजा किल्ल्याच्या तळघरात कोंडतो, आणि त्या तळघराच्या भिंतीतून वरच्या तलावाचं पाणी जायचा दगडी नळ असतो, अशी त्याची गोष्ट. शाळेतून आले की हातपाय धुऊन खाटेजवळ बसायचं आणि रोज एक अध्याय वाचायचा. शिकवून शिकवून माझा आवाज खणखणीत आहे. तो भिंतीपलीकडे गेला.

चौथ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. हातात तांदळाचे चार दाणे आणि जास्वंदीचं फूल. चपला बाहेर काढून, पदर घेऊन खाली बसल्या. नावाडी पहारेकऱ्याला फसवून खिळा लपवतो तो अध्याय संपला, तेव्हा त्यांनी पुस्तकावर दाणे वाहिले आणि हात जोडले. मी म्हटलं, "काकू, ही पोथी नाही. गोष्टीचं पुस्तक आहे."

"श्रावन हाय, खाटेवर मानूस हाय, रोज दिवेलागनीले एकच अध्याय हाय," काकू म्हणाल्या. "मंग पोथी नाई तं काय? मले काऊन शिकवते?"

दुसऱ्या दिवशी आणखी तिघी आल्या. माझ्या मास्तरकीला हे पटत नव्हतं, पण पाहिलं तर मामाजी भिंतीकडचं तोंड वळवून त्या बायकांकडे बघत होते आणि मिशीत हसत होते. मग पुढच्या दिवसापासून मी समईही लावली. पोथीचे नियम मग आपोआप लागू झाले. अध्याय मधेच तोडायचा नाही, ऐकताना उठायचं नाही, आणि मुख्य म्हणजे लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही. तिची समाप्ती करायची, गल्लीला जेवण घालायचं. खालच्या आळीतल्या एक बाई तर नावाड्यासाठी सोमवार धरून बसल्या.

अडलं ते सतराव्या अध्यायाला. नावाडी नळापर्यंत पोचतो. नळाच्या दगडात एकाखाली एक अशी भोकं, त्यांत लाकडी बुचं. तो ठरवतो की सगळ्यात खालचं बूच उपटायचं आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर बाहेर पडायचं.

"थांब!" मामाजी ओरडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते कोपरावर उठले होते. "मरते हा. कोनं लिहिलं हे?"

आमच्या तलावाचं पाणी सोडायचं दारही अगदी तसंच आहे. उभा दगड, त्याला भोकं, भोकांना बुचं. पाणी सोडायचं तर आधी वरचं भोक, पाणी तिथवर उतरलं की त्याखालचं. घराण्याचं सगळं शास्त्र ते एवढंच. "खालचं आधी काढलं तं वरचं सारं पानी तिथं जोर करते," मामाजी सांगत होते. "मानूस त्या भोकात बुचासारखा बसंल. काढाले बैल लागतीन."

बायका घाबरल्या. काकू म्हणाल्या, "मंग वाच ना व पुढं. काय झालं त्याचं?"

"नाई वाचाचं," मामाजी म्हणाले. "चुकीचं वाचून देनार नाई मी. आधी तुमाले तलावावर दाखवतो, मंग वाचा."

काकूंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमी? तुमी तं न्हानीत जाऊन नाई राहिले!"

एवढं तोंडावर बोलायची छाती फक्त काकूंचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा वॉकरवरचा टॉवेल खाली पडलेला होता आणि मामाजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते, घामाघूम. मी धावले, तर हातानं मागे सारलं. म्हटलं, "निदान अंगणात तरी या." "वरचं भोक आधी," म्हणाले आणि परत खाटेवर जाऊन बसले.

पुढचे दोन महिने आमच्या घरात हीच भाषा होती. पोळ्याला ते ओसरीवर आले. गणपती बसले तेव्हा अंगणातल्या कडुनिंबापर्यंत. दुखायचं खूप, शिव्याही खूप द्यायचे, त्या पुस्तक लिहिणाऱ्याला. गल्लीतल्या बायका पाण्याला जाता येता विचारायच्या, "आज कुठवर?" पोथी अडकलेली, नावाडी भोकापाशी अडकलेला, सोमवार धरलेल्या बाईंचा जीव टांगणीला. सगळ्या गल्लीला मामाजींच्या पायाची घाई झाली होती. समई लावली त्या दिवसापासूनच मी पुस्तक पेटीत न ठेवता त्यांच्या उशाशीच ठेवलं होतं, पोथी देवाजवळ असावी तसं. पुढचं मी अर्थातच वाचलेलं होतं. नावाडी खालचं बूच काढतो आणि सहीसलामत सुटतो. हे आता मामाजींना कसं सांगायचं? इतका जिद्दीनं उठलेला माणूस, आणि शेवटी पुस्तकानं त्यालाच खोटं पाडायचं.

अश्विनात हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी लागते आणि उशिरा येणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी हवं असतं. त्या पाण्यासाठी तलावाचं दार उघडतात, आणि पहिलं बूच काढायचा मान आमच्या घराचा. मामाजी त्या सकाळी धोतर नेसून तयार बसले. पाळीच्या पायथ्यापर्यंत नवऱ्यानं मोटारसायकलवर नेलं. तिथून वर ते काठीनं आणि माझ्या खांद्यानं चढले. अर्ध्यात दोनदा थांबले. 

नारळ फुटला. मामाजींनी वाकून वरचं बूच हलवून सैल केलं, गावातल्या दोघांनी ते ओढून काढलं आणि पाणी पाटात घुसलं. मग त्यांनी मूठभर पळसाची पानं पाण्यावर टाकली. पानं गरगरत गेली आणि भोकावर चिकटून बसली. "पाहा," ते बायकांना म्हणाले. "अन् हे तं वरचं भोक हाय." बायकांनी माना डोलावल्या. मामाजींचं शास्त्र सिद्ध झालं होतं. आता पुस्तक मला उघडायचं होतं.

काकूंनी पाळीवर सतरंजी टाकली. समाप्तीच्या वड्यांचं पीठ घरी वाटून तयार होतं. मामाजी दगडावर टेकले, खिशातून डबी काढली आणि चष्मा लावला. मी सतराव्या अध्यायाचं राहिलेलं पान वाचलं आणि अठरावा, शेवटचा, उघडायला पानं उलटली. शेवटच्या पानात तणसाची एक काडी होती.

मी काडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ते पैलतीरावरचं कुणाचं धान पिवळं झालं ते बघत असल्यासारखं करत होते. नंबर बरोबर नसलेल्या चष्म्यातून.

मी वाकून हळूच विचारलं, "कधी वाचलं?"

"तू शाळेत जात होती तवा."

"म्हणजे अडवलं तेव्हा?"

"त्याच्याही आधी."

"मग सुटतो हे माहीत होतं. तरी अडवलं कायले, मामाजी?"

पाणी पाटातून धानाच्या पहिल्या बांधीत, खाचरात, उतरत होतं. तिकडे बघतच ते म्हणाले, "तो सुटते हे माहीत होतं व. माझं माहीत नोतं."

मग नेहमीच्या आवाजात ओरडले, "वाच ना! बाया कवाच्या थांबल्या हायेत."

काकूंनी हात जोडले. पहिली ओळ मला दोनदा वाचावी लागली.