डॉल्फिनपाशी विसावा

जेसीबी आला आणि विसाव्याचा दगड उचलून घेऊन गेला. वडील समोर उभे होते.

नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर तो दगड होता. प्रेतयात्रा तिथे थांबायची. तिरडी दगडावर टेकवायची, पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे, आणि मग घाट. दगडाचं काम एवढंच. पण आमचे कारभारी कोकणात समुद्रकाठचं एक गाव बघून आले होते. तिथला किनाऱ्यालगतचा रस्ता त्यांना इतका आवडला, की तो जसाच्या तसा इथे आणायचं ठरलं. समुद्र तेवढा राहून गेला. लेण्याद्रीच्या डोंगराकडे तोंड करून सिमेंटचे माड उभे राहिले. पायाखाली निळ्या लाटांच्या फरश्या आल्या. दगडाच्या जागी गोल कठड्याचं कारंजं आणि त्यात तोंड वासलेला डॉल्फिन. संध्याकाळी गावाने तिथे हवा खावी, अशी योजना होती.

वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी कारभाऱ्यांना एवढंच विचारलं, "तिरडी कुठे टेकवायची?"

"गुरुजी, तुमाला कशाची घाई? लई वर्सं हायेत अजून."

"घाई नाही. पण जायचं याच रस्त्याने आहे. तुम्हालाही."

कारभारी हसले. बरोबरचे त्यांच्याहून मोठ्याने हसले.

उद्घाटनाच्या दिवशी कारंजं उडालं. पुढे ते उडालेलं मी पाहिलं नाही. पावसाळा सरला तोवर फरश्यांवर शेवाळ धरलं होतं, आणि वडील गेले.

मी मडकं धरून पुढे चालत होतो. वळणावर सवयीने थांबलो. मागे कुजबुज सुरू झाली.

"ठेवायचं कुठं?"

"फरशीवं नको राव, घसरंल समदं."

"मंग तसंच चला घाटावं."

"विसावा न घेता? गुरुजींना?"

मी मागे वळून पाहिलं. मागच्या खांद्याला कारभारी होते. घामाने निथळत होते. तेच म्हणाले, "टेकवा त्या माशापशी. माजा खांदा गेला."

वडिलांना विसावा मिळाला. डॉल्फिनच्या तोंडाखाली, सुका पाला साचलेल्या हौदाच्या कठड्यावर. खांदे बदलले. कारभारी माझ्याकडे न बघता पुढे झाले.

त्यानंतर गावातली प्रत्येक तिरडी तिथेच टेकू लागली. मग तिथे हवा खायला कोण येणार? माडांची सळई उघडी पडली आहे. डॉल्फिनचं तोंड तुटलं आहे. कठडा शाबूत आहे.