कोलमन आणि बावीस नंबरचं घर

कोलमन मॅन्यन हा शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांना लागून असलेल्या एका अर्धवट वसाहतीचा राखणदार होता. चाळीस घरं व्हायची होती. बावीस उभी राहिली, त्यातली तीन विकली गेली आणि २००८च्या उन्हाळ्यात बिल्डर बुडाला. रस्त्यांना नावं मात्र सगळी आयरिश. बिल्डरला ती ऐकायला बरी वाटली होती, एवढंच. खरा आयरिश माणूस तिथं एकटा कोलमन, आणि त्याचं तिथं घर नव्हतं.

विकल्या गेलेल्या तीन घरांपैकी एकात आसावरी राहायची. वर्ध्याची, छत्तीस वर्षांची, घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करणारी. नवरा देवांग सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा तो अंधार पडल्यावरच परतायचा. दिवसभर तिच्यासमोर पडदे नसलेल्या खिडक्यांची रांग असायची. ऑक्टोबरपासून ती खिडकीकडे पाठ करून बसू लागली. मग पाठीमागून कुणी बघतंय असं वाटायचं आणि ती खुर्ची पुन्हा फिरवायची.

एका दुपारी समोरच्या रिकाम्या घराच्या धुराड्यातून धूर निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्या. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या.

"अगं, वॉचमन असेल. थंडी वाजत असेल बिचाऱ्याला. तू उगाच ओव्हरथिंक करतेस," देवांग म्हणाला.

"रोज वेगळ्या घरात?"



शेवटी ती थर्मासमध्ये चहा घेऊन धूर निघणाऱ्या घरात स्वतःच गेली. कोलमन साठीच्या आसपासचा, रुंद पंजांचा, मूळचा सुतार होता. डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. तो फळकुटं जाळत बसला होता.

"बंद घराला दर थोड्या दिवसांनी ऊब द्यावी लागते," तो म्हणाला. "माझी आई देत असे."

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचं गाव. तिथं कामधंदा नव्हता. दरवर्षी एखादं कुटुंब बॉस्टनला नाहीतर शिकागोला निघून जायचं आणि किल्ली त्याच्या आईकडे द्यायचं. एक वेळ अशी आली की तिच्याकडे अकरा किल्ल्या होत्या. ती आळीपाळीने एकेका घरात चूल पेटवायची आणि गेलेल्यांशी मोठ्याने बोलत बसायची. पंच्याऐंशी साली कोलमनही निघाला. तीन वर्षांनी आई गेली. त्याच्याकडे कागदपत्रं नव्हती. गेला असता तर परत येता आलं नसतं. तिला पुरलं त्या दिवशी तो शिकागोत कुणाच्या तरी घराचं छप्पर ठोकत होता.

"मग परत कधीच नाही गेलात?"

"गेलो की. कागद झाल्यावर, दोन हजार तीनला, कायमचाच म्हणून. तेव्हा आमच्या देशात पैशांचा पूर आला होता. गावातल्या दुकानात मला 'यांकी', म्हणजे अमेरिकन, म्हणायला लागले. आणि पोलंडहून आलेल्या सुतारांना माझीच माणसं जे शब्द वापरायची ना, ते मी इथं स्वतः ऐकलेले होते. हाल होते तेव्हा कोण कुणाचा हे सांगावं लागत नव्हतं. दोन वर्षं काढली आणि आलो. आता तिकडेही सगळं कोसळलंय. पुन्हा पोरं बॅगा भरतायत."

आसावरीचे बाबा आदल्या वर्षी वर्ध्यात वारले. तिचे ग्रीन कार्डचे कागद अडकले होते, वकिलाने जाऊ नका म्हणून सांगितलं. हे ती कुणाशी फारसं बोलली नव्हती. कोलमनला तिने सगळं सांगितलं.

डिसेंबरात बर्फ पडलं. एका दुपारी त्याच्या पावलांचे ठसे बावीस नंबरच्या घरापर्यंत गेलेले दिसले. आसावरी गरम सूप घेऊन त्याच ठशांवर पाय ठेवत गेली. पावलांची ओळ एकच होती.

आतून दोन आवाज येत होते. एक कोलमनचा, त्याच्या गावच्या भाषेत. दुसरा बाईचा, म्हातारा, घशातून येणारा. आसावरी दारात पोचली तसे दोन्ही थांबले. मग त्या बाईने आणखी एक वाक्य उच्चारलं, वरच्या पट्टीत, प्रश्न विचारावा तसं. अगदी जवळून.

आसावरीने दार ढकललं. उघड्या लाकडी सांगाड्याच्या भिंती, विझत आलेली आग आणि एकटा कोलमन. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू ऐकलंस?"

"काय? नाही बाई, काहीच नाही," ती म्हणाली आणि सूप तिथंच ठेवून निघाली.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. "मी खोटं बोलले. ती माझ्याशी बोलली. काय म्हणाली?"

कोलमनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू कोणाची, असं आई विचारत होती. आमच्या गावात लेकराला नाव विचारत नाहीत. कोणाचं ते विचारतात."

आसावरीला शब्द कळले नव्हते, पण तो सूर तिच्या ओळखीचा होता. आर्वीला आजोळी गेलं की ओट्या-ओट्यावरच्या बाया हेच विचारायच्या: कोणाची गं तू?

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"शेजारची, म्हटलं."

त्याच आठवड्यात, गावाकडे आईच्या घरात राहणाऱ्या त्याच्या पुतण्याचा फोन आला. तिकडे काम उरलं नव्हतं, तो ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि घर बंद होणार होतं. कोलमनने राखणदारी सोडली. "कुणीतरी किल्ली घ्यायला हवी," एवढंच म्हणाला. आसावरीनेच त्याला ओहेअर विमानतळावर सोडलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "फिरायला निघालात की घरी?" त्याने नुसता पासपोर्ट पुढे केला.

नाताळ झाल्यावर एका सकाळी त्याचा फोन आला. पुतण्या ऑस्ट्रेलियाला गेला होता. गावाबाहेर नवीन बांधलेली सव्वीस घरं तशीच रिकामी पडली होती. दुकानदार अजूनही 'यांकी' म्हणत होता. कोलमनला आता त्याचा राग येत नव्हता.

"आणि आई?" आसावरीने हळूच विचारलं.

"इथं नाहीये." त्याचा आवाज अगदी लहान झाला. "चार दिवस हाका मारल्या. ती तिकडेच राहिलीय."

आसावरीने खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं.

"असू दे," ती म्हणाली. "मी बघते तिच्याकडे. बावीस नंबरला ऊब देत जाईन."

कोलमनने विचारलं, तिकडे बर्फ किती आहे.