शनिवारचा नारळ

बोईसरच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असते. लग्न होऊन साताऱ्याहून इथे बोईसरजवळच्या सरावलीत आले तेव्हा हे फार विचित्र वाटलं होतं. आता रविवारी घरी बसणाऱ्यांचंच नवल वाटतं. आमच्या कारखान्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. मी तिथे हिशेब बघते, आणि एखादा आकडा पटला नाही की मला जेवण गोड लागत नाही. नवरा म्हणतो, तू माझ्यापेक्षा बिलांवर जास्त संशय घेतेस. घेते. बिलं त्याच्यापेक्षा हुशार असतात.

गेल्या वर्षी शेठ माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "विजेचं बिल झेपत नाही. दोन जुनी मशिनं विकून टाकू. त्यांच्यावरच्या बायकांचा हिशेब करून ठेव, पण इतक्यात कुणाला बोलू नकोस." त्या मशिनांवर चौघी होत्या, आणि दुपारचा डबा मी त्यांच्याबरोबरच खायचे. त्या दिवशी एकीने न विचारता माझ्या डब्यात वांग्याची भाजी वाढली. लाजच वाटली. तशीच उठले आणि शेठकडून महिनाभराची मुदत मागून घेतली.

मग जुनी बिलं काढून बसले. वापरलेल्या युनिटमध्ये खोट काढण्यासारखं काही नव्हतं. डिमांड चार्ज मात्र दर महिन्याला डोक्यावर बसलेला. महिन्यातल्या ज्या अर्ध्या तासात आपण सगळ्यात जास्त वीज ओढली, त्यावर हा आकार ठरतो आणि तो महिनाभरासाठी लागतो. एक दिवस घरी पाहुणे जेवले म्हणून वाण्याने महिनाभर तेवढंच सामान गळ्यात मारावं, तसा प्रकार. हा अर्धा तास कुठला, ते बिलात लिहिलेलं नसतं. वीज कार्यालयात चार खेपा घातल्या, तेव्हा मीटरची नोंद हाती आली. दर महिन्याला तो अर्धा तास शनिवारी सकाळीच सापडत होता.

तेव्हा ट्यूब पेटली. शुक्रवारभर मशिनं थंड पडलेली असायची. शनिवारी फोरमनकाका नारळ फोडायचे, आरती व्हायची, आणि काकांनी हात वर केला की सगळ्या मशिनांचे हीटर एकदम सुरू. काका किनाऱ्यावरच्या एडवणचे, घरी मासेमारीच्या होड्या. पूजा झाल्यावर होड्या एकदमच पाण्यात जायच्या, तोच रिवाज त्यांनी कारखान्यात आणला होता.

मी कागद घेऊन तडक त्यांच्याकडे गेले. "काका, शनिवारी मशिनं दोन-दोन करून सुरू करा. पहिली तापली की कमी वीज ओढतात, मग पुढची."

त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "पूजा झाल्यावर दोन चालू आन बाकीची थंड? आमी असं करीत नाय, बाय."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, मीही बोलले नाही. राग माझ्याही नाकावरच असतो. पण महिना सरत आला होता. तिसऱ्या दिवशी मी शेठना दिलेला शब्द मोडला आणि काकांना त्या चौघींचं सांगून टाकलं.

काका स्टुलावर बसले. "आदी का नाय बोललीस?" मग स्वतःच म्हणाले, "नारळ शेवटी फोडू. सगली गरम झाली, मंग आरती. देवाला काय, तो थांबतो."

क्रमही त्यांनीच लावला. जुनी दोन मशिनं तापायला वेळ घेतात, म्हणून ती सगळ्यात आधी. म्हणजे त्या चौघींनी शनिवारी तासभर लवकर यायचं आणि तासभर लवकर सुटायचं. शेठना मी आणखी एका बिलापुरतं थांबवलं. पुढच्या महिन्यात डिमांड चार्ज चांगलाच उतरला. शेठनी बिल दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मशिनं राहू देत." मी जागेवर जाऊन पाणी प्यायले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

चौघींना यातलं काही माहीत नाही. काकांनी सांगितलं नाही, मीही नाही. परवाच्या शनिवारी त्या घाईघाईने आल्या, ओले केस तसेच बांधलेले. एकीने मला गाठलंच. "बिलं तू वाचायचीस आणि झोप आमची मोडायची. शेठच्या पैशाचा एवढा कळवळा कशाला गं तुला?"

काका माझ्याकडे बघत होते.

"काय करणार," मी म्हटलं, "त्यांचाच पगार खाते ना."

तिने नाक मुरडलं, आणि चौघी आपापल्या मशिनकडे गेल्या.