नव्या अध्यक्षांचं भाषण

इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत मी एक्स्पोर्टचे पेपर्स बघते. माल जातो आफ्रिकेला आणि डोकं उठतं माझं. आमचं गोदाम सांभाळणारा सुदानी माझ्याच वयाचा, पन्नाशीचा. तिकडे त्याच्या गावाला युद्धात वेढा पडलाय आणि म्हातारी आई आतच अडकलीये. त्यांच्याकडे ज्वारी खातात, आमच्याकडेही, म्हणून मी डब्यात एक भाकरी जास्त आणते. तो मला सिस्टर म्हणतो, मी त्याला भाई.

त्या दुपारी तो फोन पुढ्यात ठेवून बसला होता. आफ्रिकेतल्या सगळ्या देशांचा जो संघ आहे, त्याला नवे अध्यक्ष मिळाले होते. त्यांचं भाषण चालू होतं.

"सिस्टर, ये आदमी नया है. रास्ता खुलवाएगा."

खरं सांगते, मला आता नव्या माणसांचाच कंटाळा आलाय. पन्नासच्या वर देश, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. इथे आमच्या मंडळात दहा-बारा टाळकी, तरी गणपतीच्या जेवणाचा मेन्यू ठरेपर्यंत नाकी नऊ येतात! या बिचाऱ्यानं करायचं तरी काय? तिजोरीत खडखडाट, हाताशी फौज नाही, आणि लढणारे दोन्ही सेनापती कुणाचं ऐकायला तयार नाहीत. भाषणात 'तीव्र चिंता वाटते' आलं, तशी मी म्हटलं, "खलास. पुरानावाला भी यही बोलता था. तू भाकरी खा."

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. तिकडे नेटवर्क कधीमधीच मिळतं, त्यामुळे तो ताडकन उठला. सगळं अरबीत, मला 'रईस' म्हणजे अध्यक्ष एवढंच कळलं. पण चक्क हसत होता. ठेवल्यावर म्हणाला, "अम्मा को बोला, नया रईस रास्ता खोल रहा है. ईद से पहले."

मी भडकलेच. "अरे, झूठ क्यों बोला?"

"दो साल सच बोला, सिस्टर. सच सुनके वो खाना छोड़ देती है. आज हँसी."

भांडायचं त्राण नव्हतं. डबा आवरला आणि पेपर्स पुढे ओढले.

पुढच्या आठवड्यात मी भाकरी पुढे केली, तर त्यानं हातही लावला नाही. सकाळी आईचा फोन येऊन गेला होता. म्हातारीनं सामान बांधून दाराशी ठेवलंय आणि रोज विचारतेय, गाडी कधी येणार. घरात एकच शेळी होती, तिच्या दुधावर बाई दिवस काढत होती. आता निघायचंच आहे म्हणून तिनं ती कापली आणि नव्या रईससाठी दुवा मागून अख्ख्या गल्लीला जेवू घातलं.